शेऱ्याच्या रकान्यातली प्रश्नचिन्हं

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. नवीन काम शिकायचं आहे आणि डोक्यात हल्ली काही टिकत नाही. बायको म्हणाली, "अहो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता, तो कंप्युटर काय लक्षात राहणार तुमच्या? लिहून ठेवा." माझी शाळा पाचवीत सुटली, पण मापांच्या वह्या लिहून लिहून हात वळला आहे.

चौतीस वर्षं मी कृत्रिम पाय केले. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही खुंट म्हणतो. खुंटाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून वाटी करायची, वाटीत खुंट बसला की माणूस उभा राहिला. गेल्या वर्षापासून माझे हात थरथरतात. एकदा वाटीची कड चुकली आणि आमचं केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी मला बाकावरून उठवलं. वाईट शब्द एकही बोलल्या नाहीत. "मिस्त्री, आता बसून करायचं काम करा," एवढंच म्हणाल्या. माझ्या जागी नवा कारागीर आला आहे. शिकलेला आहे, भिंतीला प्रमाणपत्र लावलं आहे.

मला मागची खोली दिली. तिथे साचे आहेत, सहाशेच्या वर. प्रत्येकाला नंबर. काम असं: कंप्युटरवर एकेका माणसाची नोंद उघडायची, त्याचा साचा कुठल्या फळीवर आहे तो आकडा भरायचा, 'जतन करा' दाबायचं. मोठ्या बाईंनी तीनदा बजावलं, "जतन केल्याशिवाय नोंद बंद करायची नाही, नाहीतर केलेलं सगळं जाईल." आत शिरायला पासवर्ड लागतो. तो त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. "हरवू नका हं." हेही तीनदा.

मी काय लहान मूल आहे?

मंगळवार, ५ मार्च

चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती. सदरा बादलीत होता. बायकोने लगदा हातावर ठेवला आणि म्हणाली, "मला काय माहीत? खिसे तपासून द्यायला तुम्हाला चौतीस वर्षं सांगतेय."

आता मोठ्या बाईंकडे कुठल्या तोंडाने जाऊ? कालच दिली, आज हरवली. वर जाणारा जिना दोनदा अर्ध्यापर्यंत चढलो आणि उतरलो. तिसऱ्यांदा शिपायाने विचारलं, "मिस्त्री, व्यायाम का?"

पुढच्या खिडकीशी नोंदणीचं काम करणाऱ्या ताई बसतात. त्यांना पासवर्ड टाकताना आकडे पुटपुटायची सवय आहे. ओठ हलतात आणि हलका आवाजही येतो. लेकीची जन्मतारीख आहे. दोन वर्षं त्यांच्याजवळ बसून मी एकेका खुंटाबद्दलचे शेरे सांगितले आहेत, त्यामुळे ते आकडे मला पाठ झाले. मुद्दाम केले नव्हते.

अकरा वाजता मागच्या खोलीचं दार लोटलं आणि त्यांच्याच नावाने आत शिरलो. तेवीस नोंदी केल्या. मला जमतं!

एक गोष्ट मात्र मनाला लागली. शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं आहेत, ओळीच्या ओळी. नाव-गावही तसंच. आकडे तेवढे दिसतात.

बुधवार, ६ मार्च

रात्रभर प्रश्नचिन्हांचा विचार केला. मला वाटतं, यंत्राला कळलं असावं. पासवर्ड टाकताना कसे ठिपके दिसतात, शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून? तसंच हे. नाव ताईंचं आणि बोटं माझी. यंत्राने ओळखलं की हा घरचा नव्हे, आणि मजकूर झाकून घेतला. नवीन माणूस आला की कुत्रं भाकरीवर पाय ठेवतं, तसं.

वाईट एवढ्याचंच वाटतं की ते शेरे माझेच आहेत. बाकावर असताना प्रत्येक खुंटाची खोड मला तोंडपाठ होती. कोणाचं हाड कुठे टोचतं, कोणाची कातडी घामाने सोलते, कोणाला डाव्या बाजूला भार चालत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, हे तुमच्याबरोबर जायला नको. म्हणून दोन वर्षं मी बोललो आणि ताईंनी टाइप केलं. आता माझंच बोलणं माझ्यापासून झाकलेलं आहे.

असो. विचारायला गेलो तर पहिला प्रश्न येणार, तुम्ही आत शिरलात कसे?

आज पंचवीस केल्या. प्रत्येक वेळी न चुकता जतन केलं.

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी ताई मागे आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्रीकाका, आत शिरताना काही अडतं का हो? अडलं तर सांगा. नवीन पासवर्ड दोन मिनिटांत मिळतो, कोणी काही बोलत नाही."

मी म्हटलं, "छे छे! अगदी सुरळीत आहे."

मग म्हणाल्या, "बरं. वाटलं तर कधीही सांगा."

किती काळजी करतात बिचाऱ्या. त्यांच्या वडिलांचा पाय मीच केला होता. शेवटची अकरा वर्षं ते त्यावर चालले. त्याची आठवण ठेवून आहेत.

गुरुवार, १४ मार्च

आज बेकरीवाला आला. नंबर सदतीस. माझं जुनं गिऱ्हाईक म्हणायला हरकत नाही. दिवसाचे दहा तास भट्टीपुढे उभा असतो, त्यामुळे त्याची वाटी लवकर झिजते. नवीन पाय करायचा आहे. त्याचा मोठा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला, "आमचे मिस्त्री कुठेत? आहेत ना जिवंत?"

नवा कारागीर म्हणाला, "आहेत, पण आता पाय मी करतो. बसा."

मी बाहेर गेलो नाही. माझे थरथरणारे हात त्याने पाहू नयेत असं वाटलं. दाराच्या फटीतून पाहिलं, त्याने पावाची पिशवी टेबलावर ठेवली होती. माझ्यासाठी असावी.

आज एकवीसच झाल्या.

मंगळवार, २६ मार्च

आज चारशे बारावी नोंद केली. मोठ्या बाई जिन्यावर भेटल्या, त्यांना सांगणार होतो. पण त्यांचा चेहरा पाहून थांबलो.

बेकरीवाल्याला दोघांनी धरून आणलं होतं. नवा पाय घालून चार दिवस झाले आणि खुंटाला जखम झाली आहे. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखाली चार बोटांवर. मी न बघता सांगितलं असतं कुठे. तिथे हाडाचं एक टोक आहे. बसल्यावर ते कळत नाही, उभं राहिल्यावर पुढे येतं. वाटीत तिथे वाटाण्याएवढी जागा सोडायची असते. मी हे शेऱ्यात सांगितलं होतं. ताईंनी टाइप करताना विचारलंही होतं, "वाटाणा कच्चा की भिजवलेला?" आणि आम्ही दोघं हसलो होतो.

मोठ्या बाई कारागिरावर ओरडल्या, "शेरा वाचला नाहीत?"

तो म्हणाला, "शेऱ्यात काही नव्हतंच बाई. नुसती प्रश्नचिन्हं. मला वाटलं, कोणाचा तरी हात बटणावर राहिला असेल. मापं होती, त्यावरून केला."

"आणि विचारायला काय झालं होतं? मिस्त्री मागे बसलेत!"

तो मापांचा कागद पुन्हा वाचू लागला. मी मागच्या खोलीत परतलो.

पण हे कसं? यंत्राने मजकूर माझ्यापासून झाकला होता. कारागीर तर स्वतःच्या नावाने आत शिरतो. त्याच्यापासून का झाकावा?

बुधवार, २७ मार्च

कंप्युटरची व्यवस्था ज्याने लावून दिली तो माणूस आज आला. जाड चष्मा, बारीक अंग, तोंडाने सारखा 'हं हं' करतो. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात.

आधी त्याने पुढच्या खिडकीशी एक खोटी नोंद केली. नाव लिहिलं 'वाटाणा'. ताईंनीच सुचवलं. मग मागच्या खोलीत येऊन माझ्या यंत्रावर तीच उघडली. प्रश्नचिन्हं. परत पुढे जाऊन उघडली. वाटाणा ठणठणीत.

"हं," तो म्हणाला. "कपाट चांगलं आहे. हमाल चुकतोय."

मोठ्या बाई म्हणाल्या, "माणसांच्या भाषेत सांगा."

त्याने सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. माहिती एका मोठ्या कपाटात असते. कपाट आणि पडदा यांच्यामध्ये ने-आण करणारा एक हमाल असतो, त्याला ते ड्रायव्हर म्हणतात. कपाटात प्रत्येक अक्षर म्हणजे नुसते काही आकडे. ते कुठल्या तक्त्याप्रमाणे वाचायचे, हे हमालाला आधी सांगून ठेवावं लागतं. न सांगितलं तर तो त्याला येणाऱ्या जुन्या तक्त्यात शोधतो. त्यात आपली अक्षरं नाहीतच. मग जे सापडत नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढे जातो. पुढच्या यंत्राच्या हमालाला सांगून ठेवलं होतं. मागच्याच्या बाबतीत ती एक ओळ लिहायची राहून गेली. "घाईत राहिली. ती चूक माझी," चष्मेवाला म्हणाला. साध्या आवाजात म्हणाला, जसं कोणी म्हणावं की छत्री घरी राहिली. मला त्याचा हेवा वाटला.

"म्हणजे नुसतं दिसायला बिघडलंय? आत शाबूत आहे?" बाईंनी विचारलं.

"वाटाणा आहे शाबूत. पण सदतीस नंबर पुढच्या यंत्रावरही प्रश्नचिन्हंच दाखवतोय. म्हणजे मागच्या खोलीत कोणीतरी ती प्रश्नचिन्हं बघून 'जतन करा' दाबलं. हमालाने तीच उचलून कपाटात नेऊन ठेवली, खऱ्या अक्षरांच्या डोक्यावर."

"मग परत आणा."

"अक्षरं वेडीवाकडी झाली असती तर सरळ केली असती. पण क असो, ख असो, सगळ्याचं एकच चिन्ह झालंय. प्रश्नचिन्हावरून कुठलं अक्षर होतं, हे देवालाही सांगता येणार नाही."

एक नंबरपासून चारशे बारापर्यंत. मी एकही सोडली नव्हती.

साच्यांच्या फळीला टेकलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वर लिहिलं ते पुरं नाही. घरी येताना ठरवलं होतं की ते लिहायचंच नाही. पण वहीला तरी फसवू नये.

चष्मेवाल्याने यंत्रातला हजेरीपट काढला. कोणत्या नोंदीत कोणी कधी हात घातला, ते त्यात असतं. चारशे बारा वेळा ताईंचं नाव आलं.

ताई खिडकीशी होत्या. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "मिस्त्री, मागच्या यंत्रावर तुम्ही बसता ना?"

आणि मी म्हणालो, "मला ते जमलं नाही बाई. मी फळीचे आकडे कागदावर उतरवून ताईंना देत होतो."

तोंडातून कसं आलं, माहीत नाही. अडखळलोसुद्धा नाही. आणि त्यांचा लगेच विश्वास बसला. चष्मेवाल्याकडे वळून म्हणाल्या, "खरंच आहे. यांच्याकडून कसं होणार?" चारशे बारा नोंदी करून दाखवल्या त्याचं कौतुक हवं होतं मला. आणि आता त्यांना ते अशक्य वाटतं, याचाच आधार.

वळलो तर दारात ताई. हातात चहाचे तीन कप. त्यांनी कप टेबलावर ठेवले, माझा माझ्यासमोर ठेवला, आणि गेल्या. ऐकलं नसावं.

चहा प्यालो नाही.

गुरुवार, २८ मार्च

थोडं बरं ऐकायला मिळालं. कपाटाची रोज एक प्रत निघते आणि सात दिवस ठेवतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यातल्या एकशे तीस नोंदींचा मजकूर परत आला. म्हणजे मी पहिल्याच दिवशी प्रश्नचिन्हांबद्दल कोणाला विचारलं असतं, तर एकही गेली नसती. नावं-पत्ते पावत्यांवरून भरता येतील. शेरे मात्र कुठेच नाहीत. दोनशे ब्याऐंशी.

ताईंना मोठ्या बाईंनी वर बोलावलं. खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते. चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आहे. त्यांनी ड्रॉवरमधून लेकीचा फोटो, कंगवा आणि पाण्याची बाटली काढून पिशवीत टाकली. मी समोरच होतो.

"बाई म्हणतात, पासवर्ड कोणाला दिला असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "मी दिला नाही कोणाला. खरं तेच सांगितलं."

मी म्हटलं, "हो, हो."

"तुम्हाला काही बोलायचंय का काका?"

मी म्हटलं, "पाऊस येईलसं वाटतं. जपून जा."

ऊन होतं. पाऊस म्हणे!

शुक्रवार, २९ मार्च

जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पोट दुखतंय की मन?"

"पोट."

"मग पोटावर हात ठेवा ना. मघापासून तोंडावर ठेवलाय."

तिला सांगितलं. सगळं सांगितलं, बादलीतल्या सदऱ्यापासून. मला वाटलं होतं, ती ओरडेल. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "त्या बाईला लेक आहे ना? वसतिगृहात?"

"हो."

"आणि घरात कमावणारी तीच."

"हो."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?"

उद्या सांगतो म्हटलं.

शनिवार, ३० मार्च

नाही सांगितलं. मोठ्या बाई कामात होत्या. म्हणजे, फार नव्हत्या.

बायको संध्याकाळी काही विचारत नाही. माझ्याकडे बघते आणि भांडी जरा आपटते.

सोमवार, १ एप्रिल

पुढच्या खिडकीशी शिपाई बसतो आहे. एका बोटाने टाइप करतो आणि येणाऱ्याला विचारतो, "पाय डावा ना? नक्की?" एक माणूस चिडून म्हणाला, "बघा ना वाकून!"

माझ्या यंत्रावर आता अक्षरं नीट दिसतात. ती एक ओळ लिहिली, झालं. चारशे तेरा नंबर उघडला. 'खुंट नाजूक. थंडीत निळा पडतो. वाटी कोमट करून घालायला सांगा. चिडतो पण मनाने चांगला आहे.' माझंच बोलणं. मग छत्तीस उघडला. प्रश्नचिन्हं.

झाकलं नव्हतंच कोणी माझ्यापासून. मला वाटलं, मी चोर म्हणून यंत्राने ओळखला. यंत्राला माझी काही पर्वाच नव्हती.

मंगळवार, २ एप्रिल

चष्मेवाल्याचा फोन आला होता. तो उद्या जास्त बारीक हजेरीपट काढून आणणार आहे. त्यात नावाबरोबर यंत्राचा नंबरही असतो. नव्या कारागिराने मला मुद्दाम सांगितलं नाही, सहज बोलला. "एकाच मिनिटाला ताई खिडकीशीही आणि मागेही दिसतायत म्हणे. जादूच!"

म्हणजे उद्या कळणारच.

जेवणाच्या सुट्टीत जिना चढलो. या वेळी पूर्ण. दार वाजवलं. मोठ्या बाई डबा खात होत्या, झाकण लावायला लागल्या. मी म्हटलं, "ते मी केलं."

"काय केलं?"

"चारशे बारा. ताईंच्या नावाने शिरत होतो मी. माझी चिठ्ठी धुतली गेली. त्या दिवशी तुमच्यासमोर खोटं बोललो."

त्यांचा विश्वास बसेना. "मिस्त्री, कोणाला वाचवायला निघालात का? ताईंच्या वडिलांचा पाय तुम्ही केला होता, माहीत आहे मला."

देवा! खोटं बोललो तेव्हा पहिल्या शब्दाला विश्वास बसला, आणि आता खरं सांगतो तर परोपकारी ठरतोय. क्षणभर वाटलं, राहू दे असंच. हेही लिहून ठेवतो. खरंच वाटलं. दारापर्यंत वळलोही.

मग म्हटलं, "खाली चला. दाखवतो."

त्या आल्या. कारागीर आला, शिपाई आला. मागच्या खोलीत साच्यांमध्ये सगळे दाटीने उभे राहिले. मी बसलो, ताईंचं नाव टाइप केलं. बोटं इतकी कापत होती की दोनदा चुकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पासवर्ड?" मी तो मोठ्याने म्हणत टाकला. मनात म्हणता येईना. दुसऱ्याच्या लेकीची जन्मतारीख, चार माणसांत, एक एक आकडा. यंत्राने आत घेतलं. मग मी नोंद उघडून, फळीचा आकडा भरून, जतन करा दाबून दाखवलं. भराभर. हे मला चांगलं येतं.

कारागीर खाली बघत होता. शिपाई म्हणाला, "मिस्त्री..." आणि थांबला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, पहिल्याच दिवशी का नाही आलात? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

एक चिठ्ठी हरवली हे सांगायची लाज वाटली. ती वाचवायला तिच्यापेक्षा मोठी लाज ओढवून घेतली. मग तिच्यापेक्षा मोठी.

आणि आजचं तरी प्रामाणिकपणाने सांगितलं की उद्याच्या हजेरीपटाच्या भीतीने? बायको म्हणते, सांगितलं ना, झालं. मला ते ठरवता येत नाही. फोन आला नसता तर आज जिना पूर्ण चढलो असतो का? लिहायला घेतलं आहे, पण पुढे लिहवत नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

ताई परत आल्या. मी खिडकीशी गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरलो. हात जोडले.

त्या म्हणाल्या, "हात खाली घ्या काका. लोक बघतायत."

"मला माफ करा."

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. रोज अकराला माझ्या पडद्यावर यायचं, 'तुम्ही दुसऱ्या यंत्रावरही आत आहात.' मागे दुसरं कोण बसतं?"

"मग... बाईंना का नाही सांगितलं?"

त्या पावत्या लावत होत्या, लावत राहिल्या. "म्हटलं, तुम्ही सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. चहा घेऊन आले त्या दिवशीही वाटलं, आता सांगतील." मग म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, मिस्त्रींचा हात कधी खोटा पडत नाही. त्यांच्यासाठी थांबले. तुमच्यासाठी नव्हे."

त्यांनी ऐकलं होतं. आणि कप माझ्यासमोर ठेवला होता.

शुक्रवार, १२ एप्रिल

बरेच दिवस लिहायला वेळ झाला नाही. मोठ्या बाईंनी मला काढलं नाही. काढलं असतं तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "तुमच्या डोक्यातून एकदा आलं होतं, परत काढा. तोवर सुट्टी नाही."

साचे कामी आले. कारागीर एकेक साचा फळीवरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवतो. मी डोळे मिटून हात फिरवतो. डोक्याला आठवत नाही ते तळहाताला आठवतं. बोट एका खळगीत गेलं की माणूस दिसतो, त्याची खोड दिसते, कसा कण्हला होता तेही ऐकू येतं. मी बोलतो, ताई टाइप करतात. कारागीर शेजारी बसून ऐकतो, आणि आपल्या वहीतही लिहून घेतो. एकदा म्हणाला, "हे पुस्तकात नव्हतं." मी पुढचा साचा मागितला. कौतुक ऐकायचा मान राहिलेला नाही.

एकशे एकोणऐंशी झाले. उरलेल्या एकशे तीनबद्दल हात गप्प आहे. त्या लोकांना पत्रं पाठवली आहेत. मजकूर मोठ्या बाईंचा: 'आमच्या चुकीमुळे आपली माहिती गेली आहे, कृपया येऊन जावे.' आमच्या, असं लिहिलं आहे त्यांनी.

आज बेकरीवाला आला. जखम सुकत आली आहे, अजून कुबड्यांवर आहे. बेकरी मेहुणा बघतो आणि पाव जाळतो म्हणे. माझ्यासमोर बसला, पाय पुढे केला.

"काय मिस्त्री, विसरलात होय मला?"

मी म्हटलं, "विसरलो नव्हतो. पुसलं मी." आणि सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. हसेल असं वाटलं होतं, सारखा हसणारा माणूस. हसला नाही. खुंट माझ्या हातात दिला आणि मान दुसरीकडे वळवली. नवीन कातडीवर मी बोट फिरवलं. गुडघ्याखाली चार बोटं. आहे, टोक तिथेच आहे. माझा हात कापत होता आणि त्याला ते खुंटावर कळत असणार.

"लिहा," मी ताईंना म्हटलं. "वाटाण्याएवढी जागा सोडा."

त्यांनी लिहिलं. कच्चा की भिजवलेला, हे विचारलं नाही.

नंतर यंत्र मध्येच बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा पासवर्ड मागितला. त्यांनी तो आता बदलला आहे. मी शेजारच्या खुर्चीवर होतो, उठून दाराकडे तोंड करून उभा राहिलो. दाराच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब दिसत होतं, तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. बटणं वाजत होती.

त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.